कुंडल रोड नावाचं एक स्टेशन होतं

मागच्या भागानंतर एका श्रोत्यांनी साधा प्रश्न विचारला होता. "पुण्याहून मिरजेकडे जाताना किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. ते नाव आधीचं की कारखाना आधीचा?" मला वाटलं, एका वाक्यात उत्तर देऊन मोकळं व्हावं. पण उत्तर शोधत गेलो आणि एक पूर्ण भाग त्यावरच करावा लागला. तो भाग नेहमीसारखा लिहून इथे देतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांनी वाचा.

एका वाक्यातलं उत्तर आधी देऊन टाकतो. दोन्ही नाहीत. सगळ्यात आधी होतं ते स्टेशन, आणि त्याचं नाव होतं कुंडल रोड.

आधी 'रोड'चं प्रकरण

आपल्याकडे स्टेशनांच्या नावापुढे 'रोड' का असतं, हा विचार कधी केलाय? नाशिक रोड, सातारा रोड, अलीकडच्या कोकण रेल्वेवर सावंतवाडी रोड. आजचं कुर्डुवाडी जंक्शन एकेकाळी बार्शी रोड होतं. याचा अर्थ सरळ आहे. स्टेशन त्या गावात नाही. त्या गावाला जाणारा रस्ता इथून फुटतो, एवढंच. तुम्ही इथे उतरा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पाय आहेतच.

म्हणजे 'रोड' हा शब्द एक प्रकारची कबुली आहे. रेल्वे कंपनीनं गाव पाहून लाइन टाकली नाही, चढउतार पाहून टाकली, ही ती कबुली.

पुणे-मिरज लाइनवर हे फार दिसतं. साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही, पूर्वेला माहुलीकडे आहे. कराडचं स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे. सांगलीला तर सुरुवातीला या मुख्य लाइनवर स्थानच नव्हतं, मिरजेहून वेगळा फाटा काढून सांगली जोडावी लागली. आणि कुंडल हे जुनं, नावाजलेलं गाव, तेही लाइनीपासून काही मैल आत राहिलं. त्याच्या वाट्याला आलं माळावरचं एक छोटं स्टेशन.

ही लाइन आली कुठून?

इथे थोडं मागे जाऊ. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. सातारा, सोलापूर, विजापूर, धारवाड हे सगळे भाग त्यात होरपळले. त्या दुष्काळातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. देशात धान्य अजिबातच नव्हतं असं नाही. ते उपाशी माणसापर्यंत पोचवायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. वाहतूक बैलगाडीची, आणि चाऱ्याअभावी बैलच मेले होते. शिवाय पोचलं तरी विकत घ्यायला हातात पैसा नव्हता, तो भाग वेगळाच.

यानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८० साली त्याचा अहवाल आला. दुष्काळी मुलखात रेल्वे न्या, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. त्यातून १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. मुख्यालय धारवाडला. लाइन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. ब्रॉडगेजपेक्षा स्वस्त. दुष्काळी भागातून फारसं उत्पन्न मिळणार नाही, हे गृहीत धरूनच केलेला हिशेब होता तो.

१८९० च्या आसपास पुण्यापासून सातारा जिल्ह्यातून, मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंत गाडी सलग धावायला लागली. लोंढ्याहून पुढे कॅसलरॉक आणि तिथून घाट उतरून गोव्यातलं मुरगाव बंदर. म्हणजे कुंडल रोडच्या माळावरून एकीकडे पुण्याला आणि दुसरीकडे थेट समुद्राला रस्ता होता. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेबरोबर एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. जुनी माणसं जिला 'एम.एस.एम.' म्हणायची, ती हीच.

तर असं हे स्टेशन. वीसेक वर्षं नुसतं उभं होतं. गाडी यायची, चार माणसं उतरायची, कुंडलच्या रस्त्याला लागायची. बाकी आजूबाजूला खडकाळ माळ आणि निवडुंग.

बेळगावातून उठवलेला माणूस

आता दुसरी गोष्ट. तिचं या स्टेशनशी तोवर काहीच नातं नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं. मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा डावलले गेले. नोकरी सोडली आणि बेळगावला परत. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान आधीपासून होतंच. त्यातून कडबा कापायची यंत्रं आली आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

हा नांगर पहिली दोन वर्षं कोणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. आज आपल्याला हसू येतं, पण विचार करा, ज्याचं वर्षभराचं पोट त्या जमिनीवर आहे तो माणूस प्रयोग कसा करेल? पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र मागणी वाढली.

आणि नेमकी तेव्हाच जागा गेली. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती, त्या हद्दीत यांचा कारखाना येत होता. उठा म्हणून सांगण्यात आलं. चाळिशीला आलेला माणूस, धंदा नुकता रुळावर आलेला, आणि यंत्रं ठेवायला छप्पर नाही.

इथे औंधचे राजे येतात. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. १९०९ साली गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक, आणि जरा वेगळ्या डोक्याचे राजे. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात बोलावलं. बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी.

औंधला का नाही?

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. राजा औंधचा, राजधानी औंध, मग कारखाना औंधला का नाही?

औंध संस्थान एकसंध नव्हतं. तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. औंधचा तुकडा वेगळा, आटपाडीचा वेगळा, कुंडलचा वेगळा, मध्ये ब्रिटिश मुलूख. औंधला राजवाडा होता, यमाईचं देऊळ होतं, पण रेल्वे नव्हती. कुंडलच्या तुकड्याजवळ मात्र स्टेशन होतं. नांगर ही काही खिशात घालून विकायची वस्तू नाही. कच्चं लोखंड आणि कोळसा बाहेरून आणायचा, तयार नांगर देशभर पाठवायचे. हे सगळं बैलगाडीनं करायचं म्हटलं, तर नांगराच्या किमतीपेक्षा वाहतुकीचा खर्च जड व्हायचा. त्यामुळे जागा एकच होती: कुंडल रोड.

शेतीच्या दृष्टीनं ती जमीन फारशी कामाची नव्हती. राजांच्या उदारपणाला त्यामुळे कमीपणा येत नाही, पण हेही सांगायला हवं. जी जमीन कोणाला नको होती, तिला किंमत आली ती शेजारच्या रुळांमुळे.

१९१० मध्ये लक्ष्मणराव आले. बरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं. पुढची पिढी त्या जागेची आठवण दोनच शब्दांत सांगत आली: निवडुंग आणि साप. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'कॅक्टस अँड रोझेस'. त्यातलं कॅक्टस म्हणजे हा माळ.

निवडुंग तोडून झोपड्या, मग घरं, मग रस्ते, झाडं. वसाहतीची आखणी रामूअण्णांनी बघितली. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे ही पहिल्या फळीची मंडळी. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं गेलं. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असा नियम होता. १९१० च्या दशकात खेड्यातल्या वस्तीत हे करून दाखवणं सोपं नव्हतं.

आणि या वाडीचं नाव हळूहळू स्टेशनला लागलं. कुंडल रोडची पाटी गेली, किर्लोस्करवाडीची आली.

माल कसा हलायचा?

थोडं तांत्रिक, पण ऐका, कारण इथेच स्टेशनचं खरं काम कळतं.

ही लाइन मीटरगेज. मुंबईकडून पुण्याला येणारी जी.आय.पी. रेल्वे ब्रॉडगेज. रुळांमधलं अंतर वेगळं म्हटल्यावर एकीचा डबा दुसरीवर जाणार नाही. त्यामुळे मुंबईहून येणारा कोळसा, लोखंड हे सगळं पुण्याला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावं लागायचं. वाघीण म्हणजे मालडबा. हा सगळा व्यवहार हमालांच्या पाठीवर. परत जाताना नांगरांचंही तेच. मोडतोड, उशीर, खर्च, सगळं त्या एका अदलाबदलीत.

पहिल्या महायुद्धात तर आणखी पंचाईत झाली. लोखंड आणि कोळसा मिळेना. स्टेशन समोर आहे, रूळ आहेत, पण त्यावरून येणारा माल नाही. कारखाना रेल्वेवर उभा असेल, तर रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला काय घडतंय यावर तुमचं पोट अवलंबून असतं, हा धडा वाडीला लवकर मिळाला.

तरी कारखाना तरला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, मग पंप. त्याच वर्षी कारखान्याचं एक छोटं माहितीपत्रक सुरू झालं, 'किर्लोस्कर खबर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शं. वा. कि. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाला विधवाविवाह, बुवाबाजी, विज्ञान, स्त्रियांचं शिक्षण यांवर विचार करायला लावणारी ही मासिकं एका खेड्यातल्या छापखान्यातून निघत होती. ज्या फलाटावरून नांगर जायचे, तिथूनच अंकांचे गठ्ठेही टपालानं बाहेर पडायचे. पुण्या-मुंबईच्या वाचकानं पत्ता वाचला, की त्याला हे नाव पाठ व्हायचं. अनेकांनी ते गाव कधी पाहिलं नाही, पण पत्ता माहीत होता.

एकटी वाडी नव्हे

आता कोणी म्हणेल, हे सगळं एका माणसाचं कर्तृत्व. आहेच. पण त्याच लाइनवर जरा वर-खाली बघा.

कराड स्टेशनजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. प्रभाकर कंदील तिथला. त्यामागेही औंधच्या बाळासाहेबांचं पाठबळ होतं. वस्तीचं नाव झालं ओगलेवाडी. आणखी वर सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना उभा केला, तिथेही आधी लोखंडी नांगर, मग डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधानही होते, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.

तीन कारखाने, तीनही गावाबाहेरच्या स्टेशनांवर. ज्या 'रोड' स्टेशनांना आपण मघाशी हसलो, त्यांच्याभोवती मोकळी, स्वस्त जमीन होती आणि समोर रूळ. गावात जागा मिळाली नसती. रेल्वेनं गावं टाळली म्हणून नव्या वाड्या वसल्या, असंही म्हणता येईल.

पण उलटी बाजूही आहे. याच लाइनवर अशी कितीतरी स्टेशनं आहेत जिथे रूळ होते, माळ होता, आणि काहीही झालं नाही. म्हणजे स्टेशन फक्त दार उघडतं. आत कोणी यायला लागतं, आणि त्याला कोणीतरी जागा द्यायला लागते. कुंडल रोडला हे तिन्ही जुळलं.

बेचाळीसची गोष्ट

हा भाग मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय.

१९४२ च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्हा पेटला. तेव्हा हा सगळा मुलूख साताऱ्यातच होता. तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. १० सप्टेंबरला इस्लामपूरच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात विष्णू बारपटे आणि उमाशंकर पंड्या यांचा मृत्यू झाला. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनियर होते.

या नावापाशी मी बराच वेळ थांबलो. चांगली नोकरी, शिकलेला माणूस, मोर्चात मागे राहिला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. कारखान्याचा इतिहास सांगताना आपण मालकांची नावं घेतो, यंत्रांची नावं घेतो. पण या स्टेशनभोवती जी वस्ती तयार झाली, तिनं असाही माणूस दिला होता.

पुढे १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांचं प्रतिसरकार उभं राहिलं. जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि कुंडल हे त्या चळवळीचं एक मोठं ठाणं झालं. कुंडल संस्थानी हद्दीत, ब्रिटिश पोलिसांना तिथे मोकळं रान नाही, आणि संस्थानाचा कलही चळवळीच्या विरोधात नाही. ज्या विखुरलेपणामुळे लक्ष्मणरावांना इथे जागा मिळाली, त्याच विखुरलेपणामुळे भूमिगतांना आसरा मिळाला.

आणि रेल्वे? ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेच्या तरुणांनी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली आणि पैसा चळवळीसाठी नेला. शेणोली याच लाइनवर, कराड आणि किर्लोस्करवाडीच्या मध्ये. दुष्काळातून माणसं वाचवायची म्हणून मंजूर झालेली लाइन, तिच्यावरून सरकारचा पगार जात होता, आणि तो अडवायला उतरले ते त्याच दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्यांचे नातू-पणतू. रूळ कोणाच्या बाजूचे नसतात, हेच खरं.

आज

स्वातंत्र्यानंतर उद्योगाचा विस्तार बाहेर होत गेला. त्याची सुरुवात आधीच झाली होती, १९४१ ला हरिहर, १९४६ ला पुण्यात खडकी आणि बंगलोर. मासिकंही पुण्याला गेली. वाडी मात्र बंद पडली नाही. पंपांचा कारखाना आजही तिथेच, स्टेशनसमोर आहे.

१९७० च्या आसपास पुणे-मिरज लाइन ब्रॉडगेज झाली. पुण्यातली ती अदलाबदल संपली, म्हणजे ती मिरजेला सरकली, कारण मिरजेच्या पुढे अजून मीटरगेजच होतं. अलीकडच्या वर्षांत विजेच्या तारा आल्या, दुसरा रूळ पडला. माल आता बराचसा ट्रकनं जातो. आजूबाजूचा माळही राहिला नाही. पाणी आलं, ऊस आला, पलूसच्या द्राक्षांचे मळे आले. ज्यांनी निवडुंगाच्या गोष्टी ऐकल्या नाहीत, त्यांना इथे कधी ओसाड जमीन होती हे सांगूनही पटणार नाही.

स्टेशन अजून लहानच आहे. एक्सप्रेस गाड्या थांबतात, काही थांबत नाहीत. मुलं कॉलेजला सांगली-मिरजेला जातात, माणसं दवाखान्याला जातात, पुण्याला नोकरीवाले रविवारी रात्री बॅग घेऊन उभे असतात. अशा स्टेशनवर एखाद्या गाडीचा थांबा असणं-नसणं ही वेळापत्रकातली एक ओळ असते, पण तिथल्या माणसाचा त्यावर अख्खा दिवस ठरतो. लहान स्टेशनांचा हिशेब नुसत्या विकलेल्या तिकिटांवर करू नये, असं मला वाटतं ते यासाठी. १९०९ साली कोणी कुंडल रोडचा तसा हिशेब केला असता, तर ते बंद करावं असाच सल्ला दिला असता. एका वर्षानंतर तिथे लक्ष्मणराव उतरले.

एक रुखरुख मात्र राहते. किर्लोस्करवाडी हे नाव सार्थ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'कुंडल रोड' पुसलं गेलं, तेव्हा स्टेशन आधी कोणासाठी होतं, ही खूणही पुसली गेली. आता त्या लाइननं कधी गेलात, तर शेणोली, भवानीनगर, ताकारी मोजत या. मग गाडी मंदावेल आणि पिवळी पाटी येईल. पाटीवरचं नाव वाचा आणि मनातल्या मनात जुनंही एकदा म्हणा.

तुमच्या गावाजवळ असं एखादं 'रोड' स्टेशन असेल, ज्याचं नाव बदललं किंवा जे आता बंद आहे, तर नक्की कळवा. जुन्या माणसांना विचारून कळवलंत तर आणखी छान. पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार.